नाक मोकळे झाले, पण झोप उडाली

महोदय,

परागकणांमुळे होणाऱ्या सर्दीवर, म्हणजे ‘हे फीव्हर’वर, उत्तेजक द्रव्ये वापरून पाहण्याचा इतिहास आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाही. चिनी ‘मा हुआंग’ वनस्पतीतील एफेड्रिन या उत्तेजक द्रव्यावर के. के. चेन आणि कार्ल श्मिट या औषधशास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये पेकिंगमध्ये (आजचे बीजिंग) संशोधन केल्यानंतर त्याला कृत्रिम पर्याय शोधण्याची धडपड सुरू झाली. त्यातूनच लॉस एंजेलिसचे रसायनशास्त्रज्ञ गॉर्डन ॲलेस यांनी जून १९२९ मध्ये ॲम्फेटामाइन या कृत्रिम उत्तेजकाची ५० मिलिग्रॅम मात्रा स्वतःला टोचून घेतली (आजची कोणतीही नीतिमत्ता समिती याला परवानगी देणार नाही!). काही मिनिटांत नाक कोरडे व मोकळे झाले, छाती धडधडली, मनाला विलक्षण बरे वाटले आणि रात्र जवळजवळ जागून काढावी लागली.

ही नोंद पहिल्याच प्रयोगातली असूनही १९३० च्या दशकात अमेरिकेत ॲम्फेटामाइन असलेला ‘बेंझेड्रिन’ इनहेलर (नाकाने हुंगायची नळी) डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकला जाऊ लागला. लोक नशेसाठी तो फोडून आतली औषधात भिजवलेली कागदी पट्टी गिळू लागले, तरी चिठ्ठीची सक्ती व्हायला १९५९ उजाडले. या दिरंगाईला अज्ञान म्हणणे मला पटत नाही.

एफेड्रिनच्याच कुळातले स्यूडोएफेड्रिन आजही सर्दीच्या काही गोळ्यांत असते. ते रक्तदाब वाढवू शकते, हे औषध विक्रेत्यांनी गोळी हातात देतानाच रक्तदाबाच्या रुग्णांना सांगावे, एवढीच विनंती आहे.

– एक वाचक, पुणे