गाण्याखाली अक्षरे दाखवा

संपादक महोदय,

सुटी लागली की 'टीव्ही बंद करा, मुलांच्या हाती पुस्तक द्या' हा सल्ला सगळीकडून मिळतो. ३२ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवल्यावर मला तो अपुरा वाटतो. ज्या घरात पुस्तकच नाही, तिथे टीव्ही बंद करून मुलाच्या हाती काय द्यायचे?

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंचा मुलगा तिसरीत आहे. अक्षरओळख आहे, पण जोडाक्षर आले की अडतो. आईचे काम आटोपेपर्यंत आमच्या टीव्हीवर गाणी बघतो. दिवाळीनंतर मी त्याच्या आवडत्या गाण्याचे बोल जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला ठळक लिहून टीव्हीखाली चिकटवले. गाणे लागले की तो उठून कागदावर बोट फिरवू लागला. 'कृष्ण' शब्दावर गायिका जरा रेंगाळते. तेवढ्यात त्याचे बोट 'कृ'वरून सरकून पुढच्या अक्षरावर टेकले. माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, हा पोटफोड्या ष, त्याला ण चिकटलाय!" वहीत कितीदा गिरवूनही हे त्याला उमगले नव्हते. गाणे आधीच पाठ असते, ध्रुवपद फिरून फिरून येते, त्यामुळे मूल अंदाज बांधते आणि डोळ्यांनी तो ताडून बघते. वाचायला शिकणे म्हणजे आणखी वेगळे काय असते?

ही कल्पना माझी नव्हे. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून तिचा पाठपुरावा केला. जे गायले जाते तेच, त्याच भाषेत पडद्याखाली उमटवायचे आणि सुरांबरोबर शब्दाचा रंग बदलत न्यायचा. १९९९ मध्ये गुजराती 'चित्रगीत'मध्ये आणि २००२ मध्ये दूरदर्शनच्या 'चित्रहार'मध्ये ते झालेही. मग सह्याद्री वाहिनीसह सगळ्या मराठी वाहिन्यांवर, निदान गाण्यांच्या आणि मुलांच्या कार्यक्रमांत, हे कायमचे का होऊ नये? अक्षरे मोठी हवीत, देवनागरीच हवीत आणि शुद्ध हवीत. बातम्यांच्या पट्टीवर 'आशिर्वाद' वाचलेले मूल तसेच लिहिते, हे मी वर्षानुवर्षे वह्या तपासताना पाहिले आहे.

टीव्ही पुस्तकापर्यंतही नेतो. ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'वरील मालिका दूरदर्शनवर लागत असे, तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांनी शाळेच्या कपाटातले ते पुस्तक बांधणी सुटेपर्यंत फिरवले. रविवारी दोनदा खळ लावून मीच ते शिवले-चिकटवले होते. आज मुलांच्या मालिकेनंतर 'ही गोष्ट या पुस्तकात आहे' एवढी एक पाटी मुखपृष्ठासह दाखवायला वाहिनीला अर्धा मिनिटही लागणार नाही.

आमच्या टीव्हीखाली आता सातव्या गाण्याचा कागद आहे आणि मुलगा आठवा मागतो आहे. संधिवातामुळे माझी बोटे फार वेळ लिहू देत नाहीत. हे काम वाहिन्यांनी अंगावर घ्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कराड