मायकलला बहीण दिली तिथेच बिघडलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ‘हॅलोविन’ या अमेरिकन भयपटमालेवर (हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरला मुखवटे घालून साजरा होणारा तिकडचा सण) येणारी वाचकांची पत्रं मी कापून ठेवतो आहे. आपल्या खान्देशातले लोक एका मुखवटेवाल्या खुन्याबद्दल इतक्या तावातावाने लिहितात, याचा मला मनापासून आनंद आहे. भुसावळच्या वाचकांच्या मते १९७८चा पहिला भाग तेवढा खरा, पुढचं सगळं पैशासाठी लांबवलेलं. धुळ्याच्या ताईंनी दुसऱ्या भागाची बाजू घेतली, कारण तो पहिला जिथे संपतो त्याच रात्री सुरू होतो. तिसऱ्या भागाला मात्र दोघांनीही एका ओळीत निकालात काढलं. ते काही मला पटलं नाही. चोपड्यात आमची व्हिडिओ लायब्ररी होती. कॅसेट परत करताना गिऱ्हाईक काय बोलतं, हे मी वर्षानुवर्षं काउंटरवर बसून ऐकलं आहे. त्या जोरावर हे पत्र लिहितो.

आधी पहिल्या भागाबद्दल, कारण सगळा वाद तिथूनच निघतो. जॉन कार्पेंटरने तो सुमारे सव्वातीन लाख डॉलरमध्ये केला. मायकल मायर्सचा मुखवटा दुकानातून विकत आणलेला, ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, त्यावर पांढरा रंग फासलेला. संगीत कार्पेंटरचं स्वतःचंच, पाच मात्रांचं. पाय ठेका धरायला जातो आणि चुकतो. गोष्ट एवढीच, की १९६३ साली हॅडनफिल्ड गावात सहा वर्षांचा मुलगा आपल्या मोठ्या बहिणीला सुरीने मारतो. का मारतो, ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. पंधरा वर्षांनी तो मनोरुग्णांच्या इस्पितळातून पळतो आणि लॉरी नावाच्या मुलीच्या मागे लागतो. तिचा दोष काय? वडिलांनी दिलेली किल्ली ठेवायला ती त्याच्या ओसाड घराच्या दारापर्यंत गेली होती. बस. त्यानंतर तो भर दुपारी कुंपणाजवळ दिसतो, वाळत घातलेल्या चादरींमध्ये दिसतो. काही करत नाही, नुसता उभा असतो. रक्त तर या सिनेमात जवळजवळ नाहीच.

आपल्याकडच्या भुताला कारण असतं. मुंजा पिंपळावर का बसतो, हे पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं: मुंज झाली, लग्नाआधी गेला, इच्छा राहिली. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) सामरी आहे, त्याचा शाप आहे आणि त्याच्यावर त्रिशूळही आहे. कारण असतं म्हणून उतारा असतो. पंपाची लाइट बरेचदा रात्रीच येते, म्हणून केळीला पाणी द्यायला मध्यरात्री बागेत जाणारे आमच्याकडचे शेतकरी मुंजाला फारसे भीत नाहीत. कोणत्या झाडाला वळसा घालायचा, हे त्यांना ठाऊक असतं. यांच्यातल्याच एका दादांनी पहिला भाग नेला होता. कॅसेट परत देताना ते म्हणाले, “मुंजाले नारळ देता येस, याले काय देवानं?” त्या सिनेमाबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. मायकलचा डॉक्टर लूमिस त्याला सहा गोळ्या घालतो, मायकल वरच्या मजल्यावरून खाली पडतो, आणि पुन्हा बघावं तर हिरवळ रिकामी. मग एकेक रिकामी खोली दिसते आणि त्याचा श्वास ऐकू येतो. याला खरोखरच काही देता येत नाही.

म्हणून धुळ्याच्या ताईंना नम्रपणे सांगतो, की घात दुसऱ्या भागाने केला. इस्पितळाचे रिकामे व्हरांडे उत्तम टिपले आहेत, ते मला मान्य. दिग्दर्शक रिक रोझेन्थाल असले, तरी कॅमेरा पहिल्या भागाच्याच डीन कंडींचा होता. पण १९८१च्या या भागात उघड होतं, की लॉरी ही मायकलची धाकटी बहीण. पटकथा पहिला भाग लिहिणाऱ्या कार्पेंटर आणि डेब्रा हिल यांचीच, म्हणून जास्त वाईट वाटतं. त्या एका वाक्याने मायकलचा मुंजा झाला. त्याला कारण मिळालं, हिशेब मिळाला, आणि ज्याचं त्या घराण्याशी नातं नाही त्याने बिनघोर झोपावं असं झालं. बघणाऱ्याला भीती कशाची उरली? याच सुमारास पहिला भाग टीव्हीवर दाखवायचा होता. त्याची लांबी भरून काढायला दुसऱ्याच्या चित्रीकरणात काही जादा प्रसंग करून घेतले, आणि त्यांतल्या एकात मायकलच्या खोलीच्या दारावर ‘सिस्टर’ असं कोरलेलं दाखवलं. मागे जाऊन पहिल्या भागातही बहीण घुसडली. याची मला आजही चीड येते.

आता तिसरा भाग, ‘सीझन ऑफ द विच’, १९८२. यात मायकल नाही, एवढाच त्याचा गुन्हा. आमच्याकडेही लोक कॅसेट आणून काउंटरवर आपटायचे, पैसे परत मागायचे. पण कार्पेंटर आणि हिल या निर्मात्यांना दर वर्षी हॅलोविनच्या रात्रीची एक नवी, वेगळी गोष्ट सांगायची होती. कॉक्रन नावाचा कारखानदार मुलांसाठी मुखवटे विकतो. त्यांची जाहिरात टीव्हीवर सारखी लागते, तिचं गाणं डोक्यातून जात नाही. ठरलेल्या रात्री मुखवटा घालून टीव्हीसमोर बसणारं प्रत्येक मूल मरणार असतं. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागलं, की गल्लीतली सगळी पोरं एका टीव्हीसमोर मांडीला मांडी लावून बसत. ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा सिनेमा कळायला हवा. सुरीवाला निदान दाराबाहेर असतो. हा धोका आपणच घरात मांडलेला, वर कापड घालून झाकलेला. शेवटी नायक फोनवर ओरडत राहतो, जाहिरात बंद करा. दोन वाहिन्या करतात, तिसरीवर ती चालूच राहते, आणि सिनेमा तिथेच संपतो. इतका धीट शेवट या मालिकेत फक्त आणखी एकदाच आला, त्याबद्दल पुढे लिहितो. अमेरिकेत दुसऱ्या भागाने अडीच कोटी डॉलर कमावले होते, तिसऱ्याला दीड कोटीही गाठता आले नाहीत. मग १९८८ मध्ये निर्माते मुस्तफा अक्कड यांनी मायकलला परत आणलं.

भुसावळच्या वाचकांचा ‘पैशासाठी’ हा आक्षेप इथे लागू पडतो. तरीही चौथा भाग त्यांनी असा झटकून टाकू नये. लॉरीची लहानगी मुलगी जेमी यात आहे. डॅनियल हॅरिस या बालकलाकाराने तिची भीती अशी दाखवली आहे, की भाचीच्या मागे मामा लागलाय हे ओढूनताणून जुळवलेलं नातंही आपण खपवून घेतो. मायकल संपतो, सगळे घरी येतात. आणि जिन्यावर ती पोर विदूषकाच्या वेशात, हातात कात्री घेऊन उभी असते. सांभाळणाऱ्या आईवर तिने वार केलेला असतो. लूमिस किंचाळतो. लूमिस झालेल्या डोनाल्ड प्लेझन्सचं ते किंचाळणं मी विसरू शकत नाही. ही त्या मालिकेची दुसरी संधी होती. मायकल परत आणण्याची गरजच उरली नव्हती.

पुढच्याच वर्षी पाचव्याने ती संधी मातीत घातली. सांभाळणारी आई वाचली, पोर मुकी झाली, मामाशी तिचं मनाने काहीतरी जुळलं, आणि मायकल पुन्हा हजर. १९९५च्या सहाव्यात तर काळे झगे घातलेला एक पंथच त्याच्या मागे असल्याचं सांगितलं. पुन्हा कारण! १९९८ मध्ये लॉरीने त्याचं मुंडकं उडवलं, २००२ मध्ये कळलं की तो भलताच माणूस होता. २००७ मध्ये पहिलीच गोष्ट नव्याने सांगताना दिग्दर्शक रॉब झोंबींनी मायकलचं वाईट बालपण दाखवायला कितीतरी वेळ घातला. नेटाने केलेलं काम आहे, पण ज्याच्या घरची सगळी हकिगत कळली त्याची भीती मला वाटली नाही.

२०१८च्या भागाने पहिला सोडून बाकी सगळं पुसलं. लॉरीची नात मित्रांना सांगते, तो तिचा भाऊ वगैरे काही नव्हता, ते लोकांनी रचलेलं. मी जळगावला जाऊन तो पाहिला, आणि त्या वाक्याला थिएटरात टाळी वाजवली. सदतीस वर्षांनी कुणीतरी ते बोललं होतं. २०२२चा शेवटचा भाग मात्र मायकलला बाजूला सारून कोरी या पोरावर रमतो, आणि त्यासाठी त्याला तिसऱ्यासारख्याच शिव्या बसल्या. मला तो पूर्ण आवडला नाही, तरी या शिव्या अन्यायाच्या आहेत.

माझ्या लेखी क्रम असा: पहिला, तिसरा, चौथा, मग २०१८चा. दुसरा त्याच्या खाली. भुसावळच्या वाचकांना विनंती, की एका बैठकीत चौथ्याची शेवटची पाच मिनिटं आणि लगेच पाचव्याचा पहिला अर्धा तास बघावा. कोणत्या जागी कुणी कच खाल्ली ते त्यांनी पाहावं, आणि याच स्तंभात मला उत्तर लिहावं.

आपला,
एक जुना व्हिडिओ लायब्ररीवाला
चोपडा, जि. जळगाव