ती चिमणी नव्हे, डोंबारी

बडोदे, २० मार्च

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

इंदूरच्या राऊजवळच्या मुरमाड माळावरचा तुझा फोटो पाहिला. चिमणी आहे का, विचारतेस. नाही, ती डोंबारी या छोट्या चंडोलाची मादी. चिमणीच्या मादीला डोळ्यामागे फिकट भुवई असते आणि पाठीवर ठळक गडद रेघा. हिच्याकडे दोन्ही नाहीत. पाठ मातकट, रेघा असल्या तरी पुसट. चोच आखूड, जाड. पाय इतके बुटके की पोट जमिनीला टेकलंय असं वाटावं. फोटोत न दिसणारी पक्की खूण म्हणजे चाल: चिमणी टुणटुण उड्या मारते, डोंबारी तुरुतुरु चालते आणि जवळ गेलं की उडण्याआधी ढेकळाआड दबून बसते. झाडावर मात्र तिला शोधू नकोस.

तरी एकट्या मादीवरून नाव पक्कं करायची घाई नको, जोडीदार बहुधा आसपास असतो. नराचा माथा राखी, गाल पांढरे, हनुवटीपासून शेपटीखालपर्यंत सगळं काळं, आणि डोळ्यातून जाणारी काळी पट्टी. ही मात्र पाठीवर ऊन घेऊन बघायची. समोरून ऊन आलं तर नर नुसता काळा ठिपका दिसतो आणि गालाचा पांढरा रंग हरवतो. सकाळी सात ते नऊ ही वेळ धर. दहानंतर माळावर हवा तरळायला लागते, मग आठपटीची चांगली दुर्बीणही चित्र थरथरतं दाखवते.

आता विणीचे दिवस आहेत, म्हणून नराचा खेळ चुकवू नकोस. पंख फडफडवत तो सरळ वर चढतो, कधी तीसेक मीटर. मग पंख मिटून डोकं खाली करून सूर मारतो, त्याच वेगात वळून थोडा वर येतो, दोन-चार फडफडी, पुन्हा सूर. सूर मारताना लांबलेली शीळ येते. अशा पायऱ्या उतरत शेवटी तो एखाद्या ढेकळावर बसतो. डोंबाऱ्याच्या कसरतीवरून नाव पडलं असावं असं वाटतं ते इथेच.

घरटं म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा, आत गवत-केस, काठाला बारीक खडे किंवा ढेकळं, बहुधा गवताच्या बुंध्याशी. अंडी दोन-तीन. माळावर पाऊल टाकताना म्हणूनच खाली बघ. चोचीत किडा धरून पक्षी खाली न उतरता घुटमळत असेल, तर तू घरट्याच्या फार जवळ आहेस. आल्या वाटेनं मागे फिर. अंडी असतील तर पक्षी त्यांच्यावर सावली धरून बसलेला असतो. त्याला उठवलंस तर दुपारच्या उन्हात ती लवकर तापतात. फोटोसाठी गवत बाजूला करणं तर अजिबात नको: आडोसा जातो आणि कावळ्याला खळगा उघडा दिसतो. घरट्याची जागा कुठेही टाकू नकोस, नोंदीत नुसतं गावाचं नाव पुरे.

त्याच माळावर मोठे चंडोलही असतील. उडताना शेपटी तांबूस दिसली किंवा डोक्यावर तुरा असला, तर ती डोंबारी नव्हे. हिचाच एक भाऊबंद कच्छ-राजस्थानच्या वाळवंटी पट्ट्यात असतो. त्याच्या नराचा माथा काळा आणि कपाळ पांढरं. इंदूरला तो अपेक्षित नाही, तरी नर दिसला की कपाळ नीट बघून कळव.

तुझी,
आई