शनिवारच्या बैठकीबद्दल सूचना

सगळ्या मैत्रिणींनो, शनिवारी दुपारी चारला रामबागेत नेहमीच्याच हॉलमध्ये जमायचंय, या वेळी भजन-हळदीकुंकू नाही, मनाच्या तब्येतीवर बोलायचंय. सुना-लेकींनाही आणा, म्हणजे आणाच, कारण बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं कॉमन आहे, ते बहुतेकींचं दोन आठवड्यांत निवळतं, पण त्यापुढेही झोप नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, जगणं नको वाटतं असं असेल तर ते नाटक नव्हे आणि बाहेरची बाधा तर नव्हेच (हो, आपल्याकडे अजून लिंबू उतरवतात!), सरळ डॉक्टरकडे जायचं. चाळिशीनंतर पाळी मागे-पुढे होते तेव्हा चिडचिड, धडधड, रात्री घाम हे पण बोलू, थायरॉइड बिघडला तरी मन असंच उदास होतं म्हणून ती टेस्ट करून घ्या. आणि मुलं पुण्या-बंगलोरला गेलेल्या आपण साठीच्या बायका, आपलं तर कोणी विचारतच नाही.

ज्यांना चारचौघीत बोलायचं नाही त्यांनी सरकारच्या टेली मानस या मनाच्या तब्येतीच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा, फ्री आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

पोहे-जिरावण मंडळाकडून, कप घरून आणा.