सायकल ट्रॅक कामावर जाणाऱ्यांना विचारून करा

संपादक महोदय,

हडपसरला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शहरात सायकली वाढवायची चर्चा निघाली की फोटोत हेल्मेट घातलेले, गिअरच्या सायकलवरचे लोक दिसतात. त्यांचं मला कौतुकच आहे. पण माझ्याकडे पंक्चर काढायला येतात ते रात्रपाळीचे वॉचमन, पेपर टाकणारी पोरं, फर्निचरचं काम करणारे सुतार. पाळी सुटते तेव्हा त्यांना बस मिळत नाही आणि रोजची रिक्षा पगारात बसत नाही, म्हणून ते सायकल चालवतात.

पुणे महापालिकेने डिसेंबर 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. आठशे किलोमीटरहून मोठं जाळं त्यात आखलं आहे. आमच्या सोलापूर रस्त्यावर तर त्याच्या कितीतरी आधी, बीआरटीबरोबरच, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका झाली तेव्हाच, ट्रॅक आले. त्यावरून माणसं का जात नाहीत, ते मला चाकांवरून कळतं. पुढचं चाक सारखं आऊट होतं, म्हणजे फिरताना डुलायला लागतं, तारा तुटतात. चौक आला की ट्रॅक एकदम संपतो आणि सायकल वीतभर उंचीवरून खाली आपटते. कॅरिअरला हत्यारांची पेटी बांधलेली असली तर मागची रिमही वाकते. दर महिन्याला आऊट काढायचे पैसे कुठून आणायचे? मग माणूस डंपरच्या शेजारून मुख्य रस्त्याने जातो. त्याला बेशिस्त म्हणू नये.

मोटारसायकली शिरू नयेत म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी खांब रोवतात. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेली सायकल त्यातून निघत नाही. मोटारसायकलवाले मात्र पदपथावरून वळसा घालून आत येतात.

आराखड्याच्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या होत्या. मोबाइलवरून कुलूप उघडायचं, पोहोचलं की सोडून द्यायची. कल्पना खरंच चांगली होती. पण काहींचे टायर भरीव, सुटे भाग बाजारात न मिळणारे. नाक्यावरच्या मेकॅनिकला हात लावायची सोय नव्हती, त्यामुळे मोडलेली सायकल पडून राहायची. दुरुस्तीचं काम ठिकठिकाणच्या दुकानांना दिलं असतं तर त्यातल्या बऱ्याच आज रस्त्यावर असत्या, असं माझं ठाम मत आहे.

ट्रॅक आखणाऱ्या अभियंत्यांना विनंती आहे. पुढचा नकाशा काढण्याआधी सकाळी हडपसरच्या गाडीतळ चौकात येऊन उभे राहा. कामावरून परतणाऱ्यांना विचारा, सायकलवरून कुठे कुठे उतरावं लागतं. ते जागा दाखवतील, तिथे पायरी काढून उतार करा. आणि मोठ्या बसथांब्यांजवळ पत्र्याचं छप्पर टाकून साखळी अडकवायला लोखंडी कमानी रोवा, म्हणजे लांब जाणारा सायकल तिथे लावून पुढे बसने जाईल. त्यासाठी मोठी निविदा कशाला हवी? कोपऱ्यावरचा वेल्डिंगवालाही अशा कमानी करून देईल.

– एक सायकल दुरुस्ती करणारा, हडपसर, पुणे