तुझ्या अंगणातलं एकटं झाड

अकोला,
१२ जानेवारी

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. चेरीने भरलेली बादली हातात, मागे कॅनडातल्या त्या ओकानागन सरोवराचं निळं पाणी. फोटो चारदा पाहिला. खरं सांगू, चारही वेळा नजर तुझ्यावरून घसरून झाडाला बांधलेल्या, जातीचं नाव लिहिलेल्या पट्टीवर गेली. ‘स्टेला’. आणि पत्राच्या शेवटी तू सहज विचारलंस : शेजारी म्हणतो चेरीचं एकटं झाड फळत नाही, जोडीला दुसरं लागतंच, मग माझं एकटंच एवढं कसं लगडलं?

अरे, याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. ज्या कामात माझा जन्म गेला त्यातली सगळ्यात देखणी गोष्ट तुझ्या अंगणात उभी आहे, आणि तुला तिचा पत्ता नाही! म्हणून आज सकाळीच कागद घेऊन बसलो.

तुझा शेजारी खोटं बोलत नाही. गोड चेरी सगोत्र लग्न करत नाही. प्रत्येक झाडाच्या पेशीत गोत्राच्या दोन खुणा असतात, एक आईकडची, एक बापाकडची. परागकणात मात्र त्यातली एकच उतरते. पराग फुलावर पडला, रुजला, त्याची नळी कुक्षीवृंतातून, म्हणजे फुलाच्या मधल्या देठातून, खाली बीजांडाकडे निघाली, की फूल त्याची खूण ताडून पाहतं. आपल्या दोहोंपैकी एकीशी जुळली तर वाटेतच ती नळी मारून टाकतं. परकी असेल तर जाऊ देतं. म्हणून झाडाला स्वतःचा पराग कधीच चालत नाही. आणि गंमत बघ, बिंग, लॅम्बर्ट आणि नेपोलियन या तीन नावाजलेल्या जाती. रंग वेगळा, चव वेगळी, पण तिघींचं गोत्र एकच. बागेत तिन्ही शेजारी-शेजारी लावल्या आणि चौथी जात नसली तर बहर मोप येईल, फळ धरणार नाही.

आता इंग्लंडात चल. लंडनच्या दक्षिणेला मर्टन नावाचं उपनगर, तिथे तेव्हा जॉन इन्स ही बागायती संशोधन संस्था होती. (आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत याच संस्थेत गुणसूत्रांवर काम करत होत्या. विद्यार्थ्यांना हे सांगताना दरवेळी माझा ऊर भरून यायचा.) तिथे डॅन लुईस नावाचे जनुकशास्त्रज्ञ होते. जन्म १९१०चा, स्टोक-ऑन-ट्रेंटचे. पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. फूल आपला पराग ओळखतं कसं, हाच त्यांचा ध्यास.

क्ष-किरणांनी जनुकं बदलतात हे तोवर ठाऊक झालं होतं. १९२७ साली अमेरिकेत मुलर यांनी फळमाशीत दाखवलं, पाठोपाठ मिसुरीत स्टॅडलर यांनी बार्लीत. पण किरण आंधळे. कुठे लागतील याचा नेम नाही. हजारो जनुकांतल्या नेमक्या एकाला धक्का बसलेला परागकण लाखोंच्या गर्दीतून शोधायचा कसा? सूक्ष्मदर्शकाखाली तो इतरांसारखाच दिसतो.

लुईस यांनी तो शोधलाच नाही. शोधायचं काम फुलावर सोपवलं. पराग अजून घडत असतानाच, त्याच्या मातृपेशींच्या अवस्थेत, कळ्यांना क्ष-किरण दिले, आणि तो पराग सगोत्र फुलावरच टाकला. नेहमीचे लाखो कण फुलाने सवयीप्रमाणे अडवले. ज्याची खूण किरणांनी मोडली होती तो एखादाच ओळखू आला नाही, आणि तेवढाच बीजांडापर्यंत पोचला. म्हणजे जे फळ धरलं तेच उत्तर! धान्य पाखडावं आणि सुपात हवा तोच दाणा उरावा, तसं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वसतिगृहातल्या त्या ढेकणांच्या खाटेवरून उठून तुला उठवलं होतं, आठवतंय? रात्रीचा एक वाजला होता आणि तू चिडला होतास.

लुईस आणि त्यांच्या सहकारी लेस्ली क्रो यांनी झाडांची फळं अशी आपल्या आपण धरायला लावली, १९५४ साली ते प्रसिद्ध केलं. त्यातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. त्यांना दिसलं की किरणांनी जुनी खूण मोडते, पण नवी खूण कधी घडत नाही. कधी परागाची बाजू मोडते, कधी फुलाची. म्हणजे कुलूप आणि किल्ली हे एकाच जागी बसलेले पण वेगवेगळे भाग आहेत, हे त्यांनी डीएनए वाचायची सोय नसताना नुसत्या फळं मोजण्यावरून ताडलं. पुढे पन्नासेक वर्षांनी ते जनुक अक्षर-अक्षर वाचलं गेलं, तेव्हा तुझ्या झाडातला दोष सापडला. परागाच्या बाजूच्या जनुकातली डीएनएची चार अक्षरं गळालेली. फक्त चार. त्यामुळे पुढचं सगळं वाचनच सरकलं, आणि फूल तो पराग आपलाच म्हणून ओळखेनासं झालं.

आता ही चेरी तुझ्याकडे कशी आली ते ऐक. जॉन इन्समध्ये एम्परर फ्रान्सिस जातीवर किरण दिलेल्या नेपोलियनचा पराग टाकला. दोघं सगोत्र, म्हणून पाखडणी आपोआप झाली. त्यातून उतरलेलं एक रोप, नाव नाही, नुसता क्रमांक २४२०. त्याचा पराग कॅनडात पोचला तो तुझ्याच सरोवराकाठच्या समरलँडच्या संशोधन केंद्रात. तिथे कार्लिस लॅपिन्स यांनी तो लॅम्बर्टवर वापरला. लॅम्बर्टने साधे कण अडवले, मोडक्या खुणेचेच आत घेतले. म्हणजे सूप दुसऱ्यांदा चाललं आणि झालेलं प्रत्येक रोप स्वतः फळणारं निघालं. त्यातलं एक निवडून १९६८ साली ‘स्टेला’ म्हणून दिलं. बाजारात तुला लॅपिन्स, सनबर्स्ट, स्वीटहार्ट मिळतात ना, त्या हिच्याच वंशातल्या.

इकडे आपल्या भुईमुगाचं उलट. फूल उमलायच्या आधीच आतल्या आत लग्न उरकलेलं. संकर करायचा तर संध्याकाळी कळी चिमट्याने उघडून सगळेच्या सगळे परागकोश काढायचे, सकाळी दुसऱ्याचा पराग लावायचा. अशा पिकाला किरण दिले की झाकलेला बदल दुसऱ्या पिढीत आपण होऊन बाहेर पडतो, सूप नको, फक्त डोळे हवेत. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एस. एच. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पॅनिश इम्प्रूव्हड जातीच्या बियांना क्ष-किरण देऊन ते डोळे वर्षानुवर्षं उघडे ठेवले. टीएजी-२४ ही १९९१ची बुटकी, झुपक्याने शेंगा धरणारी जात त्याच घराण्यातली. नावातला ‘ए’ आमच्या अकोल्याचा. आज इथे शेजारच्या शेतात उन्हाळी भुईमुगाची पेरणी चालू आहे, पत्र लिहिताना तिफणीचा आवाज येतोय.

तुला एक कधी न सांगितलेली गोष्ट सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या दुसऱ्या पिढीच्या प्लॉटात एक बुटकं, काळपट हिरवं झाड दिसलं. रोगट समजून मी ते उपटलं. हातात आलं तेव्हा बुंध्यालगत आऱ्याच आऱ्या (ज्यांच्या टोकाला शेंग धरते त्या), एकमेकींना खेटून, टोकं नुकती फुगू लागलेली. एक दाणाही भरला नव्हता. परत मातीत लावलं, दोन वेळा पाणी घातलं, चौथ्या दिवशी सुकलं. त्यानंतर मी कुठलंही झाड शेंगा भरल्याशिवाय उपटलं नाही, आणि हाताखालच्या मुलांनाही उपटू दिलं नाही. पण ते झाड गेलं ते गेलंच.

म्हणून तुला एक काम सांगतो, जमव. एप्रिलमध्ये कळ्या फुटायच्या आत स्टेलाच्या एका फांदीला मलमलीची पिशवी बांध. शेजाऱ्याकडे बिंग असेल तर त्याला विचारून तिच्याही एका फांदीला बांध. बहर आला की दोन्ही पिशव्यांत मऊ कुंचला त्याच फांदीच्या फुलांवरून फिरव, कारण आत मधमाशी जाणार नाही. पाकळ्या गळल्या की पिशव्या काढ, सुतळीच्या खुणा ठेव, आणि जूनमध्ये दोन्हींची फळं मोजून आकडे मला कळव. फुलंही आधी मोजून ठेव, नाहीतर नुसत्या फळांना अर्थ नाही.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझाच,
दत्ता