कशेडी घाटातल्या त्या दोघांचे आभार

रविवारी कशेडी घाटात वडिलांची ३५ वर्षांची गाडी अडली. पाय काढला तरी ब्रेक सुटेना, चाकांतून जळका वास. एक टेम्पो थांबला. मी पाणी ओतणार, तोच थोरल्याने हात धरला, "दादा, तापल्या डिस्कवर नको, तडकंल!" त्याने बूस्टरचा, म्हणजे ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या डब्याचा, इंजिनकडून येणारा व्हॅक्यूम पाइप काढला. सुस्स आवाज झाला, पेडल वर आलं, चाकं मोकळी. बूस्टरमधला व्हॉल्व अडकला होता. पाइपच्या तोंडात बोल्ट घालून क्लिप आवळली. "ब्रेक लागंल, पण पाय जोरात दाबा."

धाकट्याने तोवर आईला स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. पोलादपूरपर्यंत टेम्पो आमच्यापुढे सावकाश चालला. पैसे घेतले नाहीत, नावंही विचारायची राहिली. भाऊ, मनापासून आभार! आई अजून त्या चहाबद्दल बोलते.